अमेरिकेतल्या कॉलेजचं पहिलं वर्ष: ओरिएंटेशनपासून सोरोरिटी रशपर्यंत

मुलगी या ऑगस्टमध्ये कॉलेजला निघाली आहे, आणि एक दिवस जेवता जेवता तिने "आई, मी रश करणार आहे", म्हणजे सोरोरिटी या मुलींच्या संघटनांच्या निवडफेऱ्यांत उतरणार आहे, असं जाहीर केलं आहे, अशा अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी हे लिहिते आहे. आपण पुण्यात, नागपुरात, मुंबईत शिकलो. प्रवेशाच्या याद्या, हॉस्टेल, मेस हे सगळं आपल्याला पाठ आहे. इथलं ओरिएंटेशन (वर्ग सुरू होण्याआधीचा ओळखीचा आणि विषयनोंदणीचा कार्यक्रम) आणि सोरोरिटी मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त सिनेमात पाहिलेलं असतं. माझी लेक दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात गेली आणि या दोन्हींतून पार पडली. त्या काळात मला जे कोणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं, ते इथे मांडते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. कागद, पैसे आणि तारखा यांत मदत करणं हे आपलं काम. कुठे जायचं, कुठे नाही, आणि मुळात जायचं का, हे तिचं तिने ठरवायचं.

१. सगळ्यात आधी सह्या

१९७४ च्या फर्पा कायद्यामुळे मुलगी कॉलेजात गेली की तिच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क तिच्याकडे जातो. फी आपण भरत असलो तरी तिच्या परवानगीशिवाय कॉलेज आपल्याला तिचे गुण सांगेलच असं नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर ती आपल्याला परवानगी देऊ शकते, आणि बिल पाहण्या-भरण्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळं खातं उघडून द्यावं लागतं. ही परवानगी तिच्याशी बोलून, तिच्या राजीखुशीने घ्या. तिच्या पासवर्डने तिच्या खात्यात शिरू नका.

दुसरी सही वैद्यकीय निर्णयांच्या अधिकारपत्रावर. अठरा पूर्ण झाल्यावर हॉस्पिटलही आपल्याला माहिती द्यायला बांधील राहत नाही. तुमच्या राज्याचा आणि कॉलेजच्या राज्याचा, असे दोन्ही फॉर्म भरून ठेवा. साक्षीदार किंवा नोटरी लागते का ते राज्यानुसार बदलतं. सही झाली की त्याचा फोटो तिच्या फोनमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा.

२. ओरिएंटेशनच्या आधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

- लसीकरणाची नोंद: एमएमआर, मेनिंजायटिस आणि कॉलेजच्या यादीत जे असेल ते. टेक्सासात बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना बॅक्टेरियल मेनिंजायटिसची लस मागच्या पाच वर्षांत, आणि सत्र सुरू होण्याच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते.
- टीबीची तपासणी. भारतात जन्मलेल्या किंवा तिथे बरेच दिवस राहिलेल्या मुलांकडून ती बरेचदा मागतात. बीसीजी टोचलेली असेल तर त्वचेवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि धावपळ. डॉक्टरांना बीसीजीचं सांगून सरळ रक्ताची चाचणी करून घ्या.
- गणिताची प्लेसमेंट परीक्षा (कोणत्या पातळीचं गणित घ्यायचं ते ठरवणारी), असल्यास. ती आधी दिली नसेल तर ऐन नोंदणीच्या वेळी गणिताचा विषय मिळत नाही.
- शाळेत असतानाच दिलेल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षांची यादी. निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतात, त्यामुळे जूनमध्ये ओरिएंटेशन असेल तर विषय निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या सल्लागाराच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कोणत्या विषयाला किती गुण अपेक्षित आहेत ते तिने लिहून न्यावं.
- शाळेचा अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), फोटो ओळखपत्र, आरोग्य विम्याचं कार्ड.
- रहिवासाचे किंवा व्हिसाचे कागद. एच-४ वरच्या, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलींसाठी राज्याची कमी फी लागू होते का हे आधीच विचारून घ्या, बिल आल्यावर नाही.

आरोग्य विम्याचं एक वेगळं सांगते. पुष्कळ विद्यापीठं स्वतःचा विमा आपोआप बिलात घालतात. तुमच्या विम्यात ती आधीच असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत माफीचा अर्ज करावा लागतो. तारीख चुकली तर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

३. ओरिएंटेशनच्या दिवशी

तारीख निवडायची असेल तर सुरुवातीची घ्या. विषयांची नोंदणी ओरिएंटेशनमध्येच होते, आणि उशिराच्या तुकडीला सकाळी आठचे वर्ग आणि उरलेसुरले तास मिळतात.

पालकांचा कार्यक्रम वेगळा असतो. तुम्हाला सभागृहात बसवतात, मुलांना दुसरीकडे नेतात. तिच्यामागोमाग सल्लागाराच्या खोलीत जाऊ नका, तिथे आपण बसलो की सल्लागार आपल्याशी बोलू लागतो आणि मुलगी गप्प होते.

नोंदणीबद्दल तिच्याशी आदल्या रात्री बोला. पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला १२ क्रेडिट पुरतात, पण पदवीला साधारण १२० लागतात, म्हणजे चार वर्षांत संपवायचं तर सत्राला १५ च्या आसपास हवेत. रश करणार असेल तर पहिल्याच सत्रात दोन प्रयोगशाळांचे विषय एकत्र घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मुलीला प्री-मेड किंवा इंजिनिअरिंगच्या नावाखाली पहिल्याच सत्रात सगळं भरून द्यायची घाई असते. सोरोरिटीत जाण्यासाठी आणि टिकण्यासाठी चांगला जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, आणि तो पहिल्या सत्रातच घसरतो किंवा जमतो.

अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच एकटीने वेळापत्रक ठरवते आहे. निघताना तिला फक्त एवढं विचारा: खात्यावर काही 'होल्ड' आहे का? लस, फी किंवा ट्रान्सक्रिप्ट राहिला असेल तर नोंदणी अडते, आणि हे बरेचदा घरी पोचल्यावर कळतं.

४. कोणकोणत्या सोरोरिटी असतात ते समजून घ्या

सोरोरिटी म्हणजे मुलींची आजीव सदस्यत्वाची संघटना. जॉर्जियातल्या मेकन इथल्या वेस्लियन फीमेल कॉलेजात १८५१ साली सुरू झालेली अ‍ॅडेल्फियन सोसायटी, आजची अल्फा डेल्टा पाय, ही यातली पहिली मानली जाते. टीव्हीवर आणि टिकटॉकवर दिसणारी मोठी घरं आणि टाळ्या वाजवणाऱ्या मुली असतात त्या पॅनहेलेनिक सोरोरिटींच्या. त्यांची राष्ट्रीय परिषद १९०२ पासून आहे. 'फॉर्मल रश' म्हणतात तो त्यांचाच.

पण तेवढंच नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ऐतिहासिक संघटनांची परिषद १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. त्यातली अल्फा कापा अल्फा १९०८ सालची, आणि कमला हॅरिस तिच्या सदस्य आहेत. आणि आपल्या मुलींसाठी महत्त्वाचं म्हणजे दक्षिण आशियाई सोरोरिटी. ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनची कापा फाय गामा आणि न्यू यॉर्कची सिग्मा सिग्मा रो, या तिन्ही १९९८ च्या. त्यांची निवड छोटी असते, माहितीसभा आणि गप्पांतून होते, आणि ऑगस्टच्या त्या धामधुमीशी तिचा संबंध नसतो. काही ठिकाणी कॉलेजचं एक सत्र पूर्ण झालेलं असावं लागतं.

माझ्या ओळखीच्या काही घरांत "देसी सोरोरिटीतच जा, तिथे आपली माणसं" असा आग्रह झाला, आणि काही घरांत अगदी उलट, "इतकी वर्षं देसीच मैत्रिणी होत्या, आता बाहेर पड" असा. दोन्ही आग्रह आपले, तिचे नाहीत. तिने दोन्हींच्या माहितीसभांना जाऊन पाहावं.

५. पैशांचे प्रश्न आधी, टाळ्या नंतर

रशसाठी नोंदणी करण्याची वेगळी फी असते आणि ती सहसा परत मिळत नाही. खरा खर्च त्यानंतरचा: नव्या सदस्याची फी, दर सत्राची वर्गणी, सोरोरिटीच्या घरात न राहणाऱ्यांनाही भरावी लागणारी 'पार्लर फी', जेवणाचा प्लॅन, टी-शर्ट, कार्यक्रम. विद्यापीठागणिक हा आकडा सत्राला काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जातो. विद्यापीठाची पॅनहेलेनिक परिषद बहुतेकदा सरासरी खर्चाचा तक्ता देते. तो उघडून मुलीसोबत बसा आणि चार वर्षांचा हिशेब करा.

यात हे जरूर विचारा: दुसऱ्या वर्षी घरात राहणं सक्तीचं आहे का? मोठ्या विद्यापीठांच्या आसपास पुढच्या वर्षीच्या अपार्टमेंटचे करार ऑक्टोबरपासूनच होऊ लागतात. मुलीने मैत्रिणींबरोबर लीजवर सही केली आणि मग सोरोरिटीच्या करारातही घरात राहण्याची अट निघाली, तर दोन्हीकडचं भाडं गळ्यात येतं.

एच-४ वरची मुलगी कॅम्पसवरही नोकरी करू शकत नाही, तेव्हा "मी काम करून वर्गणी भरेन" हा पर्याय तिच्यासाठी नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून आलेल्या मुलीला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. जेवणाचंही विचारा. शाकाहारी मुलीला घराच्या स्वयंपाकघरात रोज काय मिळतं हे तिथल्याच शाकाहारी सदस्येला विचारलेलं बरं.

६. नोंदणीचे कागद

अर्ज, एक साधा स्वच्छ फोटो, शाळेचा जीपीए, उपक्रमांची एक पानी माहिती. जीपीएची किमान अट सोरोरिटीगणिक वेगळी असते, आणि ती पूर्ण नसेल तर बाकी काहीच पाहिलं जात नाही. शिफारसपत्रांचं महत्त्व बऱ्याच ठिकाणी आता गेलं आहे. पूर्वी आई किंवा बहीण सदस्य असेल तर प्राधान्य मिळायचं, तेही अनेक सोरोरिटींनी गेल्या काही वर्षांत काढून टाकलं. आपल्यासारख्या, घरात कोणीच सोरोरिटीत नसलेल्या कुटुंबांना हे बरंच झालं.

उपक्रमांत मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलेलं, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ढोलपथक सांभाळलेलं, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (बीएमएम) अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून केलेलं काम हे सगळं लिहायचं. मुली हे लिहायला लाजतात. त्यांना वाटतं की समोरच्याला कळणार नाही. दोन ओळींत समजावून सांगितलं तर नीट कळतं, आणि बोलायला तो उत्तम विषय होतो.

नावाबद्दल: अर्जात उच्चार लिहायची जागा असते. मृण्मयी असेल तर मृण्मयीच लिहावं, पाहिजे तर घरचं छोटं नाव द्यावं. दिवसभर शंभर जणी तिला त्याच नावाने हाक मारणार आहेत.

७. तो आठवडा

कित्येक मोठ्या विद्यापीठांत, विशेषतः दक्षिणेत, हा आठवडा ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी किंवा सुरू होताच येतो. काही ठिकाणी तो जानेवारीत असतो, आणि माझ्या मते ती पद्धत मुलींसाठी जास्त चांगली, कारण तोवर त्या कॉलेजात रुळलेल्या असतात. गणपती किंवा घरचं काही याच दिवसांत आलं तर पॅनहेलेनिक ऑफिसला आधी लेखी कळवावं. न सांगता फेरी चुकवली तर ती यादीतून गळू शकते.

पहिल्या फेरीत सगळ्या घरांना, म्हणजे सोरोरिटींना, छोट्या छोट्या भेटी. दुसरी बहुधा समाजकार्याची. तिसरी भगिनीभावाची, म्हणजे घर दाखवणं आणि जरा निवांत गप्पा. शेवटची 'प्रेफरन्स', एक किंवा दोनच घरं, शांत आणि औपचारिक. मग बिड डे, म्हणजे सदस्यत्वाचं निमंत्रण (बिड) मिळण्याचा दिवस. प्रत्येक फेरीला घरांची संख्या कमी होत जाते.

मुलींच्या गटाला एक 'रो गामा' किंवा काही ठिकाणी 'पाय काय' मिळते. ही मोठ्या वर्गातली मुलगी त्या काळापुरती स्वतःच्या सोरोरिटीपासून दूर राहते, म्हणजे तिचा सल्ला निःपक्षपाती असतो. आपल्याला फोन करण्याआधी मुलीने तिच्याशी बोलावं.

पिशवीत ठेवायला: पाणी, छोटा पंखा, छत्री, बँड-एड, सपाट चपला, खाऊ, फोनचा चार्जर. कपड्यांसाठी विद्यापीठ फेरीनुसार सूचना देतं, त्यापलीकडे खर्च करू नका. २०२१ पासून अलाबामा विद्यापीठाच्या रशचे व्हिडिओ टिकटॉकवर इतके फिरले की प्रत्येक मुलीला वाटतं आपल्यालाही तसेच दागिने हवेत. नकोत.

बोलण्यात राजकारण, धर्म, मुलगे, दारू आणि पैसे हे विषय टाळायचा रिवाज आहे. त्याऐवजी तिने प्रश्न विचारावेत: परीक्षेच्या आठवड्यात इथे काय वातावरण असतं? गेल्या महिन्यात तू आजारी पडलीस तेव्हा कोण आलं होतं? उत्तर देताना समोरची अडखळते का, ते पाहावं.

८. नावं का गळतात

हा भाग मुलीला आठवड्याच्या आधी समजावून सांगा, कारण यातच मुली सर्वांत जास्त रडतात.

आपल्याकडच्या कांदेपोह्यांसारखंच, इथेही दोन्ही बाजू पाहतात आणि दोन्ही बाजू नकार देऊ शकतात. प्रत्येक फेरीनंतर मुली आपली पसंती क्रमाने नोंदवतात, सोरोरिटी आपल्या निमंत्रणांची यादी देतात, आणि संगणक दोन्ही जुळवतो. सोरोरिटीने किती मुलींना बोलवायचं हे तिच्या मनावर नसतं. मागच्या वर्षांत तिने बोलावलेल्यांपैकी किती मुली परत आल्या यावरून आकडा ठरतो. ज्या घराला सगळ्याच मुली परत येतात, त्याला पहिल्याच फेरीनंतर खूप मुलींना सोडावं लागतं. ज्या घराला कमी परत येतात, ते जास्त जणींना बोलावतं. असं केलं नाही तर शेकडो मुली शेवटपर्यंत एकाच लोकप्रिय घराच्या आशेवर राहतील आणि अखेरीस रिकाम्या हाताने घरी जातील.

म्हणून पहिल्या रात्री तिच्या आवडत्या तीन घरांनी तिला वगळलं, तर त्याचा अर्थ तिच्यात काही कमी आहे असा नाही. वीस मिनिटांच्या गप्पांत तिची पारख झालेली नाही. उरलेल्या घरांकडे तिने नव्याने पाहावं. माझी लेक ज्या घरात आज आनंदात आहे, ते पहिल्या दिवशी तिच्या यादीत वर नव्हतं.

पण सगळंच गणित असतं असंही मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने तिथल्या सोरोरिटींत कृष्णवर्णीय मुलींना रंगामुळे डावललं गेल्याचं उघड केलं. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि विद्यापीठाला निवड पुन्हा खुली करावी लागली. आपल्या मुलीला कुठल्या घरात रंगावरून, नावावरून किंवा धर्मावरून काही ऐकावं लागलं, तर तिने ते रो गामाला सांगावं, लिहून ठेवावं, आणि त्या घराचं नाव स्वतः खाली टाकावं. तिथे आत जाऊन सिद्ध करण्यासारखं काही नाही.

९. शेवटची सही

प्रेफरन्सच्या फेरीनंतर मुली एका करारावर सही करतात. इंग्रजी आद्याक्षरांनी तो एमआरएबीए म्हणून ओळखला जातो. त्यात तिने लिहिलेल्या सोरोरिटीकडून बिड आली आणि तिने ती नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य निवडीपर्यंत तिला दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणजे जवळजवळ एक वर्ष.

जिथे जायचंच नाही त्या घराचं नाव लिहू नये. त्याच वेळी, दोन घरांची निमंत्रणं असताना फक्त एकाचंच नाव लिहिलं आणि तिथे जमलं नाही, तर रिकाम्या हाताने परतावं लागू शकतं. शेवटपर्यंत मिळालेली सगळी निमंत्रणं स्वीकारून सगळी नावं लिहिणाऱ्या मुलीला जागा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हा हिशेब तिचा तिने, शांतपणे करावा. त्या खोलीत फोन करून आपलं मत विचारायची वेळ तिच्यावर येऊ नये, म्हणून हे बोलणं घरी, जुलैतच होऊ द्या.

"तुला नक्की बिड देतो, आमचंच नाव लिही" असं कोणी खासगीत सांगितलं तर ते नियमांविरुद्ध आहे. त्यावर विसंबू नये.

१०. बिड मिळाल्यावर

पुढचे काही आठवडे नवीन सदस्यत्वाचे, आणि मग इनिशिएशन, म्हणजे कायमचं सदस्य करून घेण्याचा विधी. तोपर्यंत सोडता येतं, पण सोडल्यावर दुसरीकडे जायला पुढच्या मुख्य निवडीपर्यंत थांबावं लागतं. इनिशिएशन झाल्यावर दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरोरिटीत कधीच जाता येत नाही. म्हणून आर्थिक करार इनिशिएशनच्या आधी शब्दन् शब्द वाचा.

हेझिंगबद्दल संकोच न करता बोला. झोपू न देणं, जबरदस्तीने दारू पाजणं, अपमान करणं, घरच्यांशी बोलू न देणं, "हे गुपित आहे" म्हणून शपथ घालणं, हे सगळं हेझिंग आहे, आणि ते देसी संघटनांतही घडू शकतं. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघराज्याच्या कायद्यामुळे विद्यापीठांना कुठल्या संघटनेने काय उल्लंघन केलं हे जाहीर करावं लागतं. बिड स्वीकारण्याआधी तो अहवाल उघडून त्या सोरोरिटीचं नाव शोधा. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा: रात्री दोनला फोन केलास तरी मी काही विचारणार नाही, आधी तुला तिथून बाहेर काढू.

११. जमलं नाही, किंवा मधेच नको वाटलं तर

फॉर्मल रशनंतर ज्या घरांत जागा उरतात, ती वर्षभर मुली घेतात. याला 'कंटिन्युअस ओपन बिडिंग' म्हणतात. पॅनहेलेनिक ऑफिसला एक ईमेल करून कोणत्या घरांत जागा आहे ते तिने विचारावं. वसंत सत्रातही काही ठिकाणी छोटी निवड होते, आणि दक्षिण आशियाई सोरोरिटींच्या माहितीसभा बहुधा दोन्ही सत्रांत असतात.

रशमधून मधेच बाहेर पडायचं असेल तर आधी रो गामाशी बोलून मग लेखी कळवावं, नुसतं जाणं थांबवू नये. शेवटच्या करारावर सही करण्याआधी असं कळवून बाहेर पडली, तर तिच्यावर कसलं बंधन राहत नाही. आणि त्याच आठवड्यात कॅम्पसवर क्लबांचा मेळावा भरतो: नृत्याचे संघ, वादविवाद, प्रयोगशाळांतली कामं, भारतीय विद्यार्थी संघटना. त्याची तारीख रशच्या वेळापत्रकाशेजारीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.